गाईडेड शार्पनर किती टिकतो, कसा जपायचा? खान्देशातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

कोन धरून देणारा धार लावायचा संच, म्हणजे गाईडेड शार्पनर, घरात येईपर्यंत सगळी चर्चा कोनाची आणि दगडांची असते. वर्षभर वापरल्यावर मात्र वेगळेच प्रश्न सुरू होतात. स्क्रू फिरतोय पण पकडत नाही. दांडीवर तांबूस ठिपके आले. दगड मधून खोल गेला. मे महिन्यात दगड पट्टीवरून सुटून हातात आला. या पानावर फक्त तेवढंच आहे: टिकाऊपणा आणि देखभाल. उत्तरं आपल्याकडची हवा, धूळ आणि पाणी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत, कारण खोक्यातल्या माहितीपत्रकात ना भुसावळचा उन्हाळा असतो ना बोअरचं पाणी.

असा संच साधारण किती वर्षं चालतो?

याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण संच म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड आणि प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी) झिजण्यासाठीच असतात. त्यांचा हिशोब ब्रेकच्या लायनरसारखा ठेवावा. सांगाडा, म्हणजे पातं धरणारा क्लॅम्प, दगड ज्या दांडीवरून फिरतो ती दांडी आणि ती दांडी जिथे टेकून वळते तो पिव्हट, घरगुती वापरात सहजासहजी मरत नाही. लॅन्स्की या अमेरिकन कंपनीचा चार भोकांचा (चार कोनांसाठी) क्लॅम्प १९७९ पासून बाजारात आहे आणि त्याची मूळ रचना आजही तीच ओळखू येते. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच.

जे जातं ते एका ठरावीक क्रमाने जातं. आधी रबर आणि डिंक, मग प्लास्टिक, मग स्क्रूचे आटे, मग पिव्हट, आणि दांडी सगळ्यात शेवटी. यातल्या बहुतेक गोष्टी वापराने जात नाहीत. त्या जातात दोन सवयींमुळे: स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळणं, आणि काम झाल्यावर पोलादाचा कीस न पुसता संच तसाच पिशवीत कोंबणं.

वापरून वापरून कोन बिघडतो का? आधी सुरी पटकन लागायची, आता तासभर घासूनही धार येत नाही.

बिघडतो, आणि हळूहळू बिघडत असल्यामुळे लक्षात येत नाही. माणूस दगडाला दोष देतो, नवा दगड मागवतो, तरी तेच.

कोन तीन ठिकाणी हलतो. पहिलं ठिकाण दगडाची जाडी. पिव्हटपासून धारेपर्यंतचं अंतर १७० मिमीच्या आसपास धरा. तेवढ्या अंतरावर जाडीत १ मिमी फरक पडला की कोन साधारण एक तृतीयांश अंशाने सरकतो. म्हणजे ५ मिमीचा दगड काढून ३ मिमीची प्लेट लावली आणि पिव्हट जागचा हलवला नाही, तर अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला. पातळ प्लेटवर गेलात तर कोन वाढतो आणि प्लेट फक्त धारेच्या टोकाला लागते. त्याने निदान धार तरी येते. जाड दगडावर गेलात तर कोन कमी होतो, दगड धारेच्या वरच्या खांद्यालाच घासत राहतो आणि टोकापर्यंत पोचतच नाही. ‘तासभर घासलं’ या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं. झिजलेल्या दगडानंतर कोरा दगड लावल्यावरही अगदी हेच होतं.

दुसरं ठिकाण क्लॅम्प. पातं क्लॅम्पमध्ये १ अंश कललेलं बसलं, तर एका बाजूचा कोन १ अंशाने वाढतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच कमी होतो. धारेला लागून दोन बाजूंना घासलेले उतरते पट्टे कमी-जास्त रुंद दिसायला लागले की आधी क्लॅम्पचे जबडे बघा. तिथे अडकलेला किसाचा एक कणही पुरतो.

तिसरं ठिकाण पिव्हटचा ढिलेपणा. त्याबद्दल पुढे.

तपासायची पद्धत साधी आहे. धारेच्या पट्ट्यावर परमनंट मार्करने रंग द्या, दगड अगदी हलक्या हाताने दोनदा फिरवा आणि शाई कुठून गेली ते बघा. कोन मोजणारा डिजिटल अँगल क्यूब चांगलाच, पण तो दांडीचा कोन सांगतो. धारेवर प्रत्यक्ष काय चाललंय ते शाईच सांगते. दर वेळी दगड बदलताना हे करावं. अर्धं मिनिट लागतं.

लॅन्स्कीसारख्या संचात, जिथे प्रत्येक दगडाला स्वतंत्र वाकडी तार असते, तिथे आणखी एक काम आहे. दगड काचेवर पालथा ठेवायचा, तार अशी बसवायची की तिचं वाकडं टोकही काचेला टेकेल, मग स्क्रू आवळायचा. सगळ्या दगडांना हे केलं की जाडीतला फरक आपोआप भरून निघतो. दगड झिजत जातो तसं हे पुन्हा करावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

क्लॅम्पचा स्क्रू नुसताच फिरतो. आटे गेले असावेत. क्लॅम्प फेकायचा का?

फेकू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडलेले आटे पोलादी स्क्रूपुढे टिकत नाहीत, हे होणारच होतं. जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याला अवधानकडे एखाद्या लेथवाल्याकडे क्लॅम्प घेऊन जा आणि ‘हेलिकॉइल टाकून द्या’ म्हणा. भोक थोडं मोठं करून त्यात पोलादी तारेचे आटे बसवतात. मूळच्यापेक्षा मजबूत होतं. ते नसेल तर पुढच्या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून मोठा स्क्रू टाकता येतो, फक्त आजूबाजूला भिंत पुरेशी जाड राहते ना ते बघा.

जाण्याआधी जुना स्क्रू सोबत न्या. अमेरिकन बनावटीच्या संचांत इंची आटे असू शकतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक माल मेट्रिक. एम-४ चा स्क्रू इंची भोकात दोन फेरे जातो, मग अडतो, मग माणूस जोर लावतो. उरलेसुरले आटे तिथे संपतात.

पुन्हा होऊ नये म्हणून: दोन स्क्रूंच्या क्लॅम्पमध्ये पुढचा स्क्रू पात्याच्या जाडीला येईपर्यंतच फिरवायचा, खरी पकड मागच्या स्क्रूने द्यायची. बोटांनी आवळलेलं पुरतं. पक्कड लावावीशी वाटली तर समजा पातं चुकीच्या जागी धरलंय किंवा जबड्यात कचरा आहे. आट्यांना वर्षातून एकदा ग्रीसचा टिपका पुरे.

पिव्हट खटखट वाजतो. किती ढिला चालेल?

दांडीचं टोक धरून हलवल्यावर हाताला जाणवतो तेवढा ढिलेपणाही फार वाईट नाही, कारण दगडाचा दाब दांडीला कायम एकाच बाजूला रेटून ठेवतो. अर्धा मिमी ढिलेपणाने जास्तीत जास्त अंशाच्या सहाव्या भागाचा फरक पडतो. घरच्या सुरीला तो कळतसुद्धा नाही. कान मात्र आधी तक्रार करतो.

चिंता कधी करायची? दांडी पुढे ढकलताना आणि मागे ओढताना शाई वेगवेगळ्या जागेवरून जायला लागली तेव्हा. तेव्हा भाग बदलायचा. पिव्हटमध्ये गोळा असलेलं रॉड एंड बेअरिंग असेल तर ते बेअरिंगच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मापाप्रमाणे मिळतं. दांडीची जाडी आणि आट्याचं माप व्हर्नियरने मोजून घेऊन जा. पिव्हट प्लास्टिकचा असेल तर लेथवर पितळी बुश, म्हणजे आत बसणारी छोटी नळी, करून घ्यावा. कामाच्या मानाने खर्च किरकोळ, आणि नंतर तो विषय संपतो.

दांडीला तेल द्यायचं ना? सुकी दांडी किरकिरते.

काम करताना नाही. या उत्तरावर वाद होतो, तरी माझं मत ठाम आहे.

दांडीवरून दगड शेकडो वेळा पुढे-मागे जातो. दगडातून सुटणारे कण सिलिकॉन कार्बाइडचे किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे पोलादाहून कितीतरी कठीण. त्यात आपल्याकडे फेब्रुवारी ते जून हवेत धूळ असतेच. शेताकडचं घर असेल तर विचारू नका. तेलकट दांडीवर हे सगळं चिकटून बसतं आणि तयार होते घासायची पेस्ट. मग दगडाच्या मुठीतलं भोक मोठं व्हायला लागतं. तुम्ही दांडीला वंगण देत नाही, पॉलिश करत असता.

दांडी सुक्या कापडाने पुसा. किरकिर फारच त्रास देत असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं दांडीवर घासा. कोरडं वंगण, धूळ धरत नाही. तेलाचा हात फक्त साठवणीआधी, जून ते सप्टेंबर, आणि तो पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधी पुसून टाकायचा.

दांडी वाकली आहे का ते कसं कळेल?

काचेवर लोळवा. खाली फट उघडझाप करताना दिसली तर वाकली आहे. बारीक तार हाताने सरळ होते. जाड दांडी ठोकून सरळ करत बसू नका, त्याच जाडीचा ग्राइंड केलेला स्टेनलेस रॉड कापून आणा.

डायमंड प्लेट दोन-तीन महिन्यांतच गुळगुळीत झाली. नकली होती का?

असूही शकते, पण आधी दुसऱ्या दोन शक्यता तपासा.

नव्या प्लेटवर काही हिरकण्या बाकीच्यांपेक्षा वर आलेल्या असतात. पहिल्या चार-सहा सुऱ्यांत त्या निघून जातात किंवा बसतात आणि प्लेट ‘मऊ’ पडल्यासारखी वाटते. ती झिजली नाही, आता कुठे मूळ रूपात आली. सुरुवातीचा खरखरीतपणा हाच खरा समजून लोक पुढे जोर लावतात आणि तिथे प्लेट खरोखर मरते. या प्लेटवर हिऱ्याचे कण निकेलच्या पातळ थराने धरलेले असतात. दाबाने कण झिजत नाहीत, उपटून निघतात. दगडाचं स्वतःचं वजन आणि वर दोन बोटं, एवढाच भार.

दुसरी शक्यता, प्लेट भरली आहे. पोलादाचा कीस कणांच्या मध्ये बसला की प्लेट घसरायला लागते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. तारेचा ब्रश नको. प्लेट कोरडी वापरत असाल तर शाळेतलं पांढरं खोडरबर घासा. त्याने काळा कीस गोळा होऊन निघतो, हे पाहून आश्चर्य वाटेल.

धुऊनही मधला भाग चकचकीत दिसतो, नख फिरवलं तर कुठेच अडकत नाही, आणि कडेचा भाग मात्र अजून कापतो? मग मेली. तरी फेकण्याआधी तिला बारीक नंबरचं काम देऊन बघा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. दगडांवर पांढरा थर येतो.

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी दगडालाही चालत नाही. आपल्याकडे अनेक गावांत बोअरचं पाणी जड आहे. दगडावरचं पाणी सुकलं की क्षार मागे राहतात, बारीक नंबरच्या दगडाची छिद्रं भरतात, आणि प्लेटवर खरवडल्यासारखे पांढरे डाग येतात. पात्यावर राहिलेला थेंब तर रात्रीत ठिपका देतो.

धुवायला बोअरचं पाणी खुशाल वापरा, पण शेवटचा हात जारच्या किंवा आरओच्या पाण्याचा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी गोळा केलंत तर त्याहून उत्तम, त्यात क्षार नसतातच. बसलेला थर काढायला पाणी घातलेलं व्हिनेगर पाचेक मिनिटं लावा, घासा, भरपूर धुवा. प्लेट रात्रभर आंबटात बुडवून ठेवू नका, निकेलचा थर त्यात खराब होतो.

दगड मधून खोल गेला आहे. सपाट कसा करायचा, आणि किती वेळा?

गाईडेड संचात दगड साधारण १५० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद असतो. एज प्रो या प्रसिद्ध संचाचं आणि त्याच्या नकलांचं हेच माप. एवढ्या अरुंद दगडाला खोलगट व्हायला वेळ लागत नाही, कारण सगळेजण मधलाच भाग वापरतात. दगडाची पूर्ण लांबी वापरायची सवय लावली तर निम्मं काम वाचतं.

सपाट करायला काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमी जाडीचा तुकडा घ्या, कडा घासून घ्यायला सांगा. त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. मध्ये रेघा राहिल्या म्हणजे तिथे खड्डा आहे अजून. शेवटी दगडाच्या चारही कडा हलक्या मारून घ्या, नाहीतर त्या टवके उडून पात्यावर ओरखडे काढतात. फार खरखरीत दगडाला पेपर पुरत नाही, त्याला काचेवर सुटी सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि पाणी लागतं.

गॅरेजच्या दुकानातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट काही जण सुचवतात. बहुतेक तेलात कालवलेली असते. पाण्याच्या दगडात तेल शिरलं की तो दगड बाद समजा. आणि संचातल्या चांगल्या डायमंड प्लेटवर दगड सपाट करू नका. खरखरीत दगडाचे सुटे कण प्लेट खाऊन टाकतात. त्यासाठी वेगळी स्वस्त प्लेट ठेवा.

किती वेळा? मी दगड डोळ्यासमोर उजेडाकडे धरून त्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवतो. फटीतून उजेड आला की घासायचा.

सिरॅमिकचा दगड काळा पडलाय.

भांडी घासायची पावडर, हिरवी घासणी, पाणी. पुन्हा पांढरा होतो. आपटू मात्र नका, सिरॅमिक झिजत नाही, फुटतो.

तेलाच्या दगडाला कुठलं तेल? घरातलं शेंगदाण्याचं चालेल?

नको. खाण्याची तेलं हवेने घट्ट होतात आणि दगडात चिकट राळ होऊन बसतात. खोबरेल डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. स्वयंपाकाच्या सुऱ्या असतील तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. ते पोटात गेलं तरी चालणारं असतं आणि कधी खवट होत नाही. एक नियम पाळा: ज्या दगडाला एकदा तेल लागलं त्याला कायम तेलच.

मे महिन्यात दगड पट्टीवरून सुटला. कंपनीचा दोष?

बहुतेक वेळा उन्हाचा. दगड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला डिंकाने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेला असतो. भुसावळ-जळगावला सावलीत पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या बंद कारमध्ये किती होत असेल? कारमध्ये ६० अंशांच्या पुढे सहज. टेपचा गोंद त्याआधीच पातळ होतो, आणि साधा घरगुती इपॉक्सीसुद्धा ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. कधी दगड सुटत नाही, नुसता सरकतो, आणि ते जास्त वाईट, कारण डोळ्याला न दिसता तो तिरका बसतो.

परत चिकटवताना घाई करू नका. जुना गोंद गरम पाण्यात भिजवून, खरवडून काढा. पट्टी वॉटर पेपरने खरखरीत करा, थिनरने पुसा. दोन भागांचा इपॉक्सी पातळ आणि सारखा पसरा. मग दगड काचेवर पालथा ठेवून त्यावर पट्टी बसवा, वर वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. झटपट चिकटणारा डिंक सोयीचा, पण धक्क्याला ठिसूळ असतो. टेबलावरून एकदा पडला की दगड पुन्हा वेगळा.

उन्हाळ्यात संच घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. जुन्या मातीच्या, धाब्याच्या घरात राहणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. प्लास्टिकचे भागही उष्णतेने वाकतात, विशेषतः स्क्रू आवळलेल्या स्थितीत ठेवले तर. म्हणून ठेवताना सगळे स्क्रू सैल.

पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

संचासोबत आलेली फोमची पेटी दिसायला छान असते, पण फोम ओल धरून ठेवतो. जूनमध्ये दगड पूर्ण सुकल्याशिवाय आत टाकला की ऑगस्टमध्ये दांडीवर गंज मिळतो. भिजलेला दगड वरून सुका दिसला तरी आतून दोन दिवस ओला असतो. त्याला पंख्याखाली सुकवा, उन्हात नको. एकदम सुकवल्याने काही दगडांना चिरा जातात. पावसाळ्यापुरतं पोलादी भाग वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या ओल पिऊन भरतात, अधूनमधून तव्यावर मंद आचेवर कोरड्या कराव्या लागतात. कागदी पुडी फाडून दाणे वेगळे तापवा.

सक्शन कप ओट्याला चिकटतच नाही.

ओटा कडाप्प्याचा असेल तर नाहीच चिकटणार, त्याला छिद्रं असतात. पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा काच हवी. कप साबणाने धुवा, किंचित ओला करा. रबराला तेल लावू नका, फुगतं. माझा सल्ला असा की कपाचा नाद सोडा, संच १८ मिमीच्या प्लायवर स्क्रूने बसवा आणि प्लाय टेबलाला सी क्लॅम्पने धरा. रबर आपल्या उन्हाळ्यात कडक होतंच.

मॅग्नेटवाल्या संचात कीस साठतो, निघत नाही.

पुसून निघणार नाही. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचला, चार वेळा. हा कीस मॅग्नेट आणि दगडाच्या मध्ये राहिला तर दगड डुगडुगतो.

केळी कापलेली सुरी धार लावायला घेतली की दगड लगेच भरतो.

रावेर, यावल, चोपड्याकडून हा प्रश्न हमखास येतो. केळीचा चीक पात्यावर सुकून पातळ थर होतो आणि पाण्याने जात नाही. दगडावर आला की छिद्रांत बसतो. आधी पात्यावर थोडं तेल चोळा, पाच मिनिटांनी चीक सैल होतो, मग साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. साध्या लोखंडी पात्यावर काळे डाग पडले असतील तर ते दगडाने काढायचा प्रयत्न करू नका, धारेला त्यांचा काही त्रास नसतो.

कोयता, विळा, घरची विळी या संचावर लागेल का?

विळीचा प्रश्न लगेच मिटतो: पातं पाटाला जखडलेलं, क्लॅम्प लावणार कुठे? कानस आणि हातातला निसणा, दुसरा उपाय नाही.

कोयत्याचं जरा समजून घ्या. क्लॅम्पमध्ये तो कसाबसा बसतो, पण त्याचं वजन क्लॅम्पच्या बाहेर लोंबतं आणि जबडे पिरगळतात. क्लॅम्प वाकवायचा हा खात्रीचा मार्ग. शिवाय पातं वाकडं असल्यामुळे पिव्हटपासूनचं अंतर जागोजागी बदलतं आणि कोन टोकापाशी कमी होत जातो. केळीचा घड उतरवणाऱ्या कोयत्याला १७ अंशांची नाजूक धार हवीच कशाला? २५ ते ३० अंशांची, कानशीने काढलेली धार त्याला जास्त टिकते. संच ठेवा चाकूंसाठी, सुऱ्यांसाठी. भरितावर घालायला कांद्याची पात बारीक चिरायची असेल तर तिथे मात्र १५-१७ अंशांची मजा आहे.

धारेवर शेवटचा हात फिरवायच्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आली.

कोरड्या कापडाने पुसा, सावलीत वारा द्या. पट्ट्यावरची पॉलिशची हिरवी पेस्ट काळी आणि चकचकीत झाली असेल तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा आणि नवी लावा, अगदी थोडी. जुने न्हावी पट्टा खुंटीला लटकवून ठेवत, गुंडाळून डब्यात नाही. तेच करा. उंदरांपासून लांब.

स्वस्त नक्कल घ्यावी की महागडा संच?

देखभालीच्या दृष्टीने बघितलं तर किमतीपेक्षा एकच गोष्ट महत्त्वाची: सुटा भाग मिळतो का, किंवा इथल्या लेथवर करून घेता येतो का. स्वस्त संचाचा धातूचा सांगाडा बहुतेक वेळा कामचलाऊ असतो, त्यासोबतचे दगड मात्र यथातथाच. १५० बाय २५ मिमीच्या मापाचा असेल तर दगड नंतर चांगले घेता येतात. म्हणून पैसे दगडात घाला. ज्या संचात कोन बदलायची रचना सीलबंद प्लास्टिकमध्ये आहे आणि दगड त्या कंपनीचेच बसतात, तो कितीही देखणा असो, एक भाग गेला की सगळा गेला. परदेशातून एक छोटा स्क्रू मागवताना टपालखर्च स्क्रूच्या किमतीच्या कितीतरी पट पडतो, हेही धरा.

मग दारावर येणाऱ्या धारवाल्याचं काय?

त्याचं काम वेगळं. बोथट झालेला अडकित्ता, कात्री, विळी यांना तो पाच मिनिटांत कामाला लावतो आणि तुमचा संच तिथे उपयोगाचा नाही. पातळ, कठीण पोलादाची सुरी मात्र त्याच्या कोरड्या चाकावर देऊ नका. धारेजवळ पोलाद तापून २२०-२३० अंशांना पिवळट आणि ३०० च्या आसपास निळं दिसतं. निळं पडलं तिथला कणखरपणा गेला, मग ती जागा घासून काढेपर्यंत धार टिकत नाही.

जुना, वापरलेला संच विकत घेताना काय बघू?

सोबत एक सुरी आणि मार्कर घेऊन जा. जबडे पूर्ण मिटवून उजेडाकडे धरा. एका टोकाला फट दिसली तर क्लॅम्प पिरगळलेला आहे, तो सरळ होत नाही. प्रत्येक स्क्रू शेवटपर्यंत आवळून सैल करून बघा. दांडी काचेवर लोळवा. मग सुरी लावून शाईची परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्या. दगड झिजलेले असतील तर हरकत नाही, तेवढी किंमत पाडून घ्या. पिव्हट वाजत असेल तर बुशचे पैसे वजा करा. क्लॅम्प पिरगळलेला असेल तर उठून या.